लायनरमध्ये साचणारा घाम : वाचकांचे प्रश्न

कृत्रिम पाय वापरणाऱ्या वाचकांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. तक्रार सगळ्यांची एकच, घामाची. त्वचेच्या डॉक्टरांना हा पायाचा प्रश्न वाटतो आणि पाय बनवणाऱ्या प्रोस्थेटिस्टला त्वचेचा, त्यामुळे माणूस दोन्हीकडून तसाच परत येतो. म्हणून या वेळची उत्तरं त्वचारोगतज्ज्ञ आणि प्रोस्थेटिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. पुढे येणारे शब्द असे : स्टंप म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, लायनर म्हणजे त्यावर चढवायचं मऊ आवरण, सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा कडक भाग, ज्यात स्टंप बसतो, आणि पिन लॉक म्हणजे लायनरच्या टोकाची पिन सॉकेटच्या तळाशी अडकवून पाय धरून ठेवणारी कळ.

उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. सिलिकॉनचा लायनर आणि पिन लॉक वापरतो. दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं. सकाळी पाय घट्ट बसतो, पण दुपारी आत पाणी झाल्यासारखं वाटतं, पाय खाली ओढला जातो आणि चालताना आतल्या आत फिरतो. सॉकेट नवीन करून घ्यावं का? (वाचक, नाशिक)

सॉकेटवर खर्च करण्याआधी पाय घामामुळे सैल होतोय की स्टंप बारीक झाल्यामुळे, ते ठरवा. दोन्हींत जाणवतं सारखंच, पण उपाय वेगळे आहेत.

सकाळी लायनर चढवला की त्याच्या वरच्या कडेपाशी मांडीवर बॉलपेनने रेघ मारा. पाय घालून वजन टाकताना पिन लॉकमध्ये किती 'टिक' वाजतात, तेही मोजा. दुपारी त्रास सुरू झाला की दोन्ही पुन्हा तपासा. लायनरची कड रेघेपासून बोटभर खाली आली असेल, तर लायनर त्वचेवरून घसरतोय, म्हणजे कारण घाम आहे. कड जागेवर आहे पण सकाळपेक्षा दोन-तीन टिक जास्त वाजतात, तर दिवसभराच्या दाबाने स्टंप बारीक झालाय. अशा वेळी लायनरवरून एक प्लायचा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप) मोजा घालावा, तेवढ्याने भागलं नाही तर तीन प्लायचा. मोज्याच्या टोकाला पिनसाठी भोक असतं, ते नीट पिनवर बसवा, नाहीतर कापड लॉकमध्ये अडकतं आणि पाय निघता निघत नाही. दोन्ही खुणा दिसल्या तर सुरुवात मोज्यापासून करा. सैल सॉकेटमध्ये स्टंप वर-खाली होत राहतो, त्या घर्षणाने उष्णता वाढते आणि घामही वाढतो. दोन-तीन मोजे घालूनही सैलपणा जात नसेल, तेव्हा मात्र सॉकेट बदलायची वेळ आलेली असते.

घाम इतका का येतो, तेही समजून घ्या. सिलिकॉनमधून हवा जात नाही, त्यामुळे आलेला घाम उडून जात नाही आणि त्वचा थंड होत नाही. त्वचा थंड होत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. त्यात कृत्रिम पायाने चालायला जास्त ताकद लागते आणि उष्णता बाहेर टाकणारी त्वचा पायाबरोबर कमी झालेली असते. बरेच जण थकले की पाय न काढता खुर्चीवर बसतात. त्याने दम जातो, पण लायनरमधली उष्णता तासाभरातही पूर्ण उतरत नाही. उतरवायची तर पाय काढावाच लागतो.

उन्हाळ्यात दर दोन-तीन तासांनी पाय आणि लायनर काढा. सुती पंचाने स्टंप टिपून घ्या, घासू नका. लायनरची आतली बाजू उलटवून पुसा. पाच मिनिटं दोन्हींना हवा लागू द्या. मग लायनर पूर्ण उलटा करून त्याचा तळ स्टंपच्या टोकावर सपाट टेकवा आणि वर उलगडत न्या. मोज्यासारखा ओढून घालू नका. टोकाशी हवेची पोकळी राहिली, तर प्रत्येक पावलागणिक पिन तिथली त्वचा खाली खेचते. तिथेच घाम साचतो आणि फोडही तिथेच येतो. पिन आणि लॉक आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. घामातल्या मिठाने लॉक गंजतं आणि अडकू लागतं.

याउपरही घसरणं थांबलं नाही, तर त्वचा आणि लायनर यांच्यामध्ये घालायचा पातळ मोजा मिळतो. तो लायनरच्या वरच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटर राहिला पाहिजे, कारण घाम कापडातून वर चढून तिथूनच उडतो. हा मोजा पिन लॉकच्या पायाला चालतो. व्हॉल्व्हच्या सक्शनवर टिकणाऱ्या पायात तो घालू नका. कापडाच्या बाजूने हवा शिरते आणि पाय निसटतो.

माझ्याकडे जयपूर फूट आहे, लायनर नाही. स्टंपवर सुती कापड गुंडाळून पाय घालतो. घाम आला की पावडर टाकतो, आणि घाण साचू नये म्हणून दर आठवड्याला वस्तऱ्याने केस काढतो. तरी केसतोड उठतच राहतात. (शेतकरी वाचक, लातूर)

वस्तरा आजपासून बंद करा. कापलेला केस परत वाढताना सॉकेटच्या दाबाने त्वचेतच वळतो, आणि ओल्या, गरम जागेत त्याचा केसतोड होतो. स्टंपवरचे केस तसेच राहू द्यायचे असतात.

पावडरही सोडा. कोरड्या त्वचेवर ती छान वाटते, पण घामात मिसळली की तिचे गोळे होतात आणि ते गुडघ्याच्या वाटीखाली व हाडाच्या कडेवर रगडत राहतात. गुंडाळलेल्या कापडाच्या चुण्याही तेच करतात. स्टंपच्या मापाचे, टोकाला जाड शिवण नसलेले सुती किंवा लोकरीचे मोजे घ्या. एका दिवसाला किमान तीन लागतील. भिजलेलं सूत ओलावा धरून ठेवतं आणि त्वचा सोलतं, म्हणून दुपारच्या जेवणाला मोजा बदला, जास्त काम असेल तर चहाच्या वेळी पुन्हा. बदलताना जाडी तीच ठेवा. जाड मोज्याच्या जागी पातळ घातला तर पाय खाली उतरतो आणि सगळा भार स्टंपच्या टोकावर येतो.

हे सॉकेट बहुधा एचडीपीई प्लास्टिकचा पाइप तापवून साच्यावर ओढून केलेलं असतं. रोज रात्री ते आतून साबणाच्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून साबण काढा. साबणाचा थर राहिला तर दुसऱ्या दिवशी घामात विरघळून त्वचेला झोंबतो. स्टंपही रात्रीच धुवा. सकाळी धुतला तर त्वचा थोडी फुगलेली आणि दमट असतानाच सॉकेटमध्ये जाते.

केसतोड ठसठसत असेल तर तो बसेपर्यंत पाय घालू नका. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं कोमट पाण्याच्या फडक्याने शेका. पिळू नका. ताप आला, लाली पसरली किंवा जांघेत गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. परत परत उठत असतील तर काही दिवस ४ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने स्टंप धुवायला डॉक्टर सांगतात. ते लावून दोन मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं.

आणखी एक गोष्ट बघा. स्टंपचं टोक आणि सॉकेटचा तळ यांत पोकळी आहे का? असेल तर टोकाशी रक्त आणि पाणी उतरतं, त्वचा काळसर, जाड, चामखिळीसारखी होते आणि तिच्या भेगांत घाम कुजतो. त्यावर कुठलंही मलम चालत नाही, सॉकेटच दुरुस्त करावं लागतं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून पाय मोफत देते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. जिथून पाय घेतला तिथेच आधी दाखवा. फुकटचा पाय आहे म्हणून तक्रार कशी करायची, असा संकोच धरू नका.

डॉक्टरांनी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण दिलं. अंघोळीनंतर लावून लगेच पाय घातला, तर दुपारपर्यंत आग आग झाली. दोन दिवसांत बंद केलं. मला हे सोसत नाही, असं समजायचं का? (वाचक, सोलापूर)

तसं समजू नका. औषध बरोबर आहे, लावायची वेळ चुकली. आम्हाला दिसणाऱ्या बहुतेक 'सोसलं नाही' प्रकरणांत हेच झालेलं असतं, आणि चांगलं, स्वस्त औषध कायमचं बाजूला पडतं.

ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीत शिरून तिच्या तोंडाशी बूच तयार करतात. हे घडायला सहा-आठ तास लागतात आणि त्या वेळात नळी शांत असावी लागते. माणूस झोपेत कमी घामेजतो म्हणून हे औषध रात्रीचं. दिवसा लावलं तर घामाबरोबर वाहून जातं. शिवाय ॲल्युमिनियम क्लोराइड पाण्याशी मिसळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. अंघोळीनंतरच्या दमट त्वचेवर ते लावून वरून लायनर चढवला, म्हणजे आम्ल त्वचेवर कोंडून ठेवलं. आग त्याचीच होती.

आधी त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. मग असं करा : झोपण्याआधी स्टंप धुवा, टिपा आणि अर्धा तास पंख्याखाली उघडा ठेवा. पहिल्या तीन रात्री दोन बोटं रुंदीच्या जागेवरच लावून पाहा. त्रास झाला नाही तर जिथे घाम येतो तिथे सगळीकडे पातळ थर द्या. वरून प्लास्टिक, बँडेज किंवा लायनर काही नको, जुनी सुती चादर घ्या, कारण कापडावर डाग पडतात. सकाळी साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, मगच लायनर. घाम कमी होईपर्यंत रोज रात्री लावा, साधारण आठवडाभर लागतो. मग आठवड्यातून एक-दोन रात्री पुरतं. पूर्ण बंद केलं तर बुचं निघून जातात आणि घाम परततो.

जखम, फोड, ओरखडा किंवा त्वचारोपण केलेली जागा टाळा. नीट लावूनही झोंबलं तर दोन-तीन रात्री खंड द्या आणि डॉक्टरांकडून १० ते १२ टक्क्यांचं द्रावण मागा. खाज उरली तर ते थोड्या दिवसांसाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात.

पावसाळ्यात लायनर सुकतच नाही. मांडीवर, लायनरच्या कडेपाशी गोल, खाजरे चट्टे आलेत. दुकानातून ट्यूब आणली, आठ दिवस बरं वाटलं, आता दुप्पट पसरलेत. (वाचक, कोल्हापूर)

वर्णनावरून हा नायटा आहे, आणि ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड असावं. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. स्टेरॉइडने खाज थांबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं, आणि लायनरखाली ती त्वचा पातळ होऊन फाटते. ट्यूब बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती ट्यूब सोबत न्या.

लायनर रोज रात्री उलटा करून सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, कोरड्या फडक्याने टिपा आणि त्याच्या स्टँडवर पंख्यासमोर ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री यांनी तो खराब होतो. पावसाळ्यात दोन लायनर आलटून पालटून वापरणं ही चैन नाही, गरज आहे. दुसरा लायनर परवडत नसेल तर संध्याकाळी घरी आल्याबरोबर पाय काढून लायनर लगेच धुवा, म्हणजे सुकायला पूर्ण रात्र मिळते. खोबरेल तेल लावून लायनर चढवू नका. तेलाने तो घसरतो आणि लवकर बिघडतो.

बोटॉक्सने स्टंपचा घाम थांबतो असं ऐकलं. खरं आहे का? पायात ताकद कमी होईल का? (वाचक, पुणे)

खरं आहे. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स, मज्जातंतूकडून घामाच्या ग्रंथीला जाणारा निरोप अडवतं. अमेरिकेत २००४ मध्ये काखेतल्या अतिघामासाठी त्याला मान्यता मिळाली. स्टंपसाठी डॉक्टर ते मान्यतेच्या चौकटीबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात, त्यामुळे आधी याचा अनुभव आहे का, हे मोकळेपणाने विचारा.

हे औषध महाग आहे आणि स्टंपचा पृष्ठभाग काखेपेक्षा खूप मोठा, म्हणून कुठे टोचायचं ते आधी आखून घ्यायला हवं. स्टंपवर आयोडीनचं द्रावण लावून सुकवतात आणि वर मक्याच्या पिठाची बारीक धूळ टाकतात. घाम येतो तिथे निळा-काळा रंग उठतो. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. सगळा स्टंप क्वचितच रंगतो. बहुतेक वेळा टोक, मागची बाजू किंवा व्रणाच्या कडा रंगतात. तेवढ्याच भागात एक ते दोन सेंटिमीटर अंतराने ठिपके आखून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन युनिट देतात. काखेला एका बाजूला ५० युनिट लागतात. स्टंपला घाम किती भागावर येतो त्यावर १०० युनिटची एक बाटली पुरेल की जास्त लागतील, ते ठरतं.

ताकदीची काळजी रास्त आहे. सुई त्वचेच्या थरातच राहिली आणि प्रत्येक टोचीला छोटा फुगवटा दिसला, तर औषध स्नायूपर्यंत जाण्याची शक्यता कमी असते. टोचणं दुखतं. तासभर आधी बधिरतेचं मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळतात किंवा बर्फ देतात. स्टंपमध्ये हात लागला की वीज चमकते अशी जागा असेल तर तिथे मज्जातंतूची गाठ असू शकते, ती आधी दाखवा. गर्भवती, मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे रुग्ण आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन या प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालू असलेले यांनी हे टाळावं.

परिणाम आठवड्याभरात दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते सहा महिने, काहींना त्याहून जास्त टिकतो. एकदाच खर्च झेपणार असेल तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पूर्ण उन्हाळा पदरात पडतो. त्या दिवशी पाय घालू नका. घाम आटल्यावर लायनरची पकड बदलते, म्हणून पंधरा दिवसांनी प्रोस्थेटिस्टकडून पाय तपासून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे आहेत. मधुमेहामुळे डावा पाय गुडघ्याखाली गेला. नसांच्या दुखण्यासाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन चालू आहे, प्रोस्टेटचाही त्रास आहे. घामासाठी ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. द्याव्यात का? (वाचक, ठाणे)

तुमच्या बाबांना ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोला, आणि सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवा. ऑक्सिब्युटिनिन आणि ग्लायकोपायरोलेट सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. ऑक्सिब्युटिनिन सहसा २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि तरुण, निरोगी माणसाला ते उपयोगी पडतं. पण ॲमिट्रिप्टिलिनचाही काही परिणाम त्याच जातीचा आहे. दोन्ही एकत्र आल्या की तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ वाढतं, वयस्क माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब चढतो. आणि घामच बंद झाला की कडक उन्हात उष्माघाताचा धोका वाढतो. तरुणानेही ही गोळी घेऊन भर उन्हात शेतात किंवा रस्त्यावर काम करू नये.

बाबांसाठी आधी रात्रीचं ॲल्युमिनियम क्लोराइड, तेही त्वचा रोज आरशात बघून. त्यांना संवेदना कमी असेल तर झोंबलेलं कळणार नाही, म्हणून आधी कमी टक्केवारीचं द्रावण घ्या. दुखण्यासाठी पूर्वी ड्युलोक्सेटिन किंवा ट्रॅमाडोल दिलं होतं का, अजून चालू आहे का, तेही विचारा. या दोन्हींनी घाम वाढतो आणि औषध बदलल्यावर तो कमी होऊ शकतो.

बाबांना अचानक, थंड, दरदरून घाम आला, हात थरथरले, तर पायाकडे बघण्याआधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका, थेट रुग्णालयात न्या. उजव्या पायाकडेही लक्ष ठेवा. मधुमेहात पावलाचा घाम बऱ्याचदा आटतो आणि टाच फुटते. तिथे रोज मॉइश्चरायझर लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र नको.

पाण्यातून वीज सोडून घाम थांबवायचं यंत्र ऑनलाइन मिळतं. स्टंपसाठी घ्यावं का? (विद्यार्थी वाचक, नागपूर)

नको. ते तळहात आणि तळपायासाठी आहे, जे उथळ पाण्यात सपाट बुडवता येतात. स्टंपवर वीज सारखी पसरत नाही आणि व्रणावर भाजू शकतं. हाडात रॉड किंवा स्क्रू असेल, पेसमेकर असेल, तर मुळीच नको.

दुबईत साइटवर काम करतो. उष्णता शोषणारा लायनर आणि बारीक भोकांचा लायनर, असे दोन महाग पर्याय समोर आहेत. कोणता घ्यावा? (वाचक, दुबई)

उष्णता शोषणाऱ्या लायनरमध्ये असा पदार्थ असतो, जो ठरावीक तापमानाला वितळताना उष्णता ओढून घेतो. पूर्ण वितळला की त्याचं काम संपतं, आणि पुन्हा थंड होऊन गोठल्याशिवाय तो परत काम करत नाही. एसी ऑफिस आणि बाहेरच्या फेऱ्या असा दिवस असेल तर त्याचा उपयोग होतो. तुमच्या उघड्या साइटवर तो गोठायला संधीच मिळणार नाही.

भोकांच्या लायनरमधून, उदाहरणार्थ ब्लॅचफर्डच्या सिलकेअर ब्रीदमधून, घाम त्वचेपासून बाहेरच्या बाजूला जातो. पण तिथून त्याला पुढे वाट हवी, म्हणजे बाहेर ढकलणारा व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम किंवा निदान शोषणारा मोजा. ती वाट तुमच्या सॉकेटमध्ये आहे का, हे प्रोस्थेटिस्टला आधी विचारा. भोकं रोज धुवावी लागतात. मलम लावून हा लायनर चढवला तर ती बुजतात. साइटच्या कामासाठी आम्ही हाच पर्याय निवडू, पण चाचणीसाठी मिळत असेल तर भर उन्हाळ्यात, पूर्ण पाळीचं काम करून बघा आणि मगच पैसे भरा. थंडीत किंवा दवाखान्याच्या एसीत चालून पाहिलेल्या लायनरवरून काही ठरवू नका.